छत्तीस फुटी मोटरहोम, शहात्तर वर्षांचा चालक: एक प्रकरण अभ्यास

आठ महिन्यांत तीन प्रसंग घडले. पेट्रोल पंपावरून निघताना मोटरहोमची, म्हणजे चाकांवरच्या घराची, मागची डावी कड लोखंडी खांबाला घासली. गावातल्या एका उजव्या वळणावर मागची चाके फुटपाथवर चढून खाली आदळली. आणि जानेवारीतल्या एका संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर जागेत शिरताना गाडी थांबण्याऐवजी तीन-चार फूट पुढे उसळली आणि लाकडी टेबल मोडले. कुणाला खरचटलेही नाही. पण टेबलाजवळ कुणी बसलेले असते तर?

चालक 76 वर्षांचे निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, पत्नी 71 वर्षांच्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ ह्यूस्टनच्या उपनगरात राहणारे मराठी जोडपे. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी ऑस्टिनला. टेबलाचा प्रकार कळल्यावर मुलाने फोनवर सांगितले, "बाबा, आता विकून टाका." मुलीचे म्हणणे वेगळे: गाडी फार मोठी आहे, लहान घ्या. आईने पहिल्या दोन प्रसंगांबद्दल मुलांना काही सांगितलेच नव्हते, "त्यांना वाईट वाटलं असतं" म्हणून.

हे प्रकरण कुण्या एका घराचे नाही. उत्तर अमेरिकेत निवृत्तीनंतर मोठी मोटरहोम चालवणाऱ्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी इथे एका जोडप्याभोवती मांडल्या आहेत. मापे आणि हिशेब त्या जातीच्या गाडीला लागू पडतील असेच घेतले आहेत.

मुलगा वयाला दोष देत होता, मुलगी गाडीला. दोघांच्याही उत्तरातून तिन्ही प्रसंग नेमके कशामुळे घडले ते कळत नव्हते. आणि ते कळल्याशिवाय गाडी चालवत राहणे जितके चूक, तितकेच ती घाईने विकून टाकणेही चूक. टेबलाजवळ पेडलवर चुकलेला पाय घरच्या साध्या मोटारीतही तोच असतो. मोटरहोम विकली असती, तर ते दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन किराणा दुकानात गेलेच असते.

कायद्याकडून इथे फारशी मदत होत नाही. ब्रिटनमध्ये साडेतीन ते साडेसात टनांची मोटरहोम चालवण्याची सी-1 परवानगी सत्तरीला संपते आणि वैद्यकीय तपासणीचा अर्ज भरल्याशिवाय परत मिळत नाही. टेक्सासात 26,000 पौंडांपर्यंतची मोटरहोम साध्या मोटारीच्या परवान्यावर चालते, आणि 79 व्या वर्षापासून नूतनीकरणासाठी स्वतः कार्यालयात जावे लागते, एवढेच. म्हणजे 76 व्या वर्षी हा प्रश्न घरच्यांनाच सोडवायचा असतो.

गाडी आणि तिची मापे

फोर्डच्या एफ-53 चासीवरची, पेट्रोलवर चालणारी क्लास-ए, म्हणजे बससारख्या सपाट तोंडाची मोटरहोम, 2017 ची. लांबी 36 फूट, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर 19 फूट, मागच्या ॲक्सलच्या मागे लोंबणारा भाग 12 फूट. आरसे सोडून रुंदी साडेआठ फूट. छतावरच्या एसीसकट उंची 12 फूट 8 इंच. मागे चारही चाकांवर ओढली जाणारी जीप रँग्लर. टो-बार, म्हणजे जीप जोडायचा दांडा, धरून सगळी लांबी 54 फूट.

पहिले दोन प्रसंग याच मापांत दडलेले आहेत. स्टिअरिंग वळवले की अशी गाडी मागच्या ॲक्सलभोवती फिरते. तोंड उजवीकडे गेले की मागचे 12 फुटांचे शेपूट डावीकडे बाहेर पडते. या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवले तर शेपूट तीन फुटांहून थोडे जास्त बाहेर जाते, अर्धेच वळवले तर साधारण दीड फूट. पंपापासून दोन फुटांवर उभी असलेली गाडी जागेवरूनच पूर्ण स्टिअरिंग देऊन काढली की खांबाला लागणारच. तिथे पंचविशीतला चालक असता तरी लागली असती.

उजव्या वळणाचेही तेच. क्लास-ए मध्ये चालक पुढच्या चाकांच्या जवळजवळ वर, किंबहुना थोडा पुढेच बसतो. मोटारीच्या सवयीने कोपरा समोरच्या काचेच्या रेषेत आला की हात वळतात, आणि 19 फूट मागे असलेली चाके कोपरा कापून फुटपाथवर चढतात.

यावर उपाय सरावाचा होता. रविवारी सकाळी एका शाळेचे रिकामे पार्किंग, परवानगी घेऊन. आठ ट्रॅफिक कोन, खडू, शंभर फुटी टेप. जीप सोडवून घरी ठेवलेली. शेजारच्या सीटवर मोटरहोम शिकवणारा प्रशिक्षक.

आधी सीट आणि आरसे, आणि तेही याच क्रमाने. सीट हलली की आरसे पुन्हा लावायचे. वरच्या सपाट आरशात आतल्या कडेला गाडीची बाजू बोटभर दिसावी आणि क्षितिज मध्यावर यावे. खालच्या फुगीर आरशात मागचे चाक जमिनीला टेकते ती जागा दिसली पाहिजे. यांच्या उजव्या फुगीर आरशात आकाशच जास्त दिसत होते. त्यातच प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या कडेच्या भागातून तो आरसा धूसर दिसायचा. डोळे तिरके करून पाहण्याऐवजी मान वळवून भिंगाच्या मधल्या भागातून पाहायला त्यांना शिकावे लागले.

मग खडूने एक लांब रेघ ओढून गाडी तिला चिकटून उभी केली. पत्नी सुरक्षित अंतरावर बाजूला उभ्या राहिल्या, गाडी पूर्ण स्टिअरिंग देऊन हळूहळू बाहेर काढली आणि शेपूट रेघेपलीकडे कुठवर गेले तिथे त्यांनी खूण केली. तीन फुटांवरची ती खूण एका इंजिनिअरला जितके पटवून देते तितके दहा सल्ले पटवून देत नाहीत. पंपावरचा नियम त्यातूनच ठरला: शेपूट खांबाच्या पुढे जाईपर्यंत सरळ जायचे. पुढे तेवढी जागा नसेल तर स्टिअरिंग अर्ध्याहून कमी वळवायचे आणि नजर विरुद्ध बाजूच्या आरशात ठेवायची. शक्यतो कडेचा पंप निवडायचा, छताची उंची वाचूनच आत शिरायचे. बकीजसारखे ऐसपैस पंप टेक्सासात वाटेवर बरेच मिळतात. त्यासाठी दहा मैल आधी किंवा नंतर पेट्रोल भरावे लागले तरी हरकत नाही.

उजव्या वळणासाठी एक कोन म्हणजे कोपरा. फुटपाथपासून चार-पाच फूट अंतर ठेवून, चालकाचा खांदा कोन ओलांडेपर्यंत सरळ जायचे, तेव्हाच स्टिअरिंग, आणि वळताना उजव्या आरशात मागच्या चाकावर नजर. पहिल्या तीन वेळा कोन चिरडला गेला. तासाभराने गाडी दर वेळी फूटभर अंतर राखून जाऊ लागली. ही सुधारणा महत्त्वाची होती, कारण तिच्यावरून एवढे कळले की नवी गोष्ट शिकण्याची आणि ती टिकवण्याची क्षमता शाबूत आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा तोच सराव घेतला, तेव्हा एकही कोन पडला नाही.

टेबलाचा प्रसंग

इथे मात्र मापांनी उत्तर मिळत नाही. त्या दिवसाचा तपशील एकेक करून मांडल्यावर चित्र स्पष्ट झाले.

फोर्ट डेव्हिसहून फ्रेडरिक्सबर्गजवळच्या कॅम्पग्राउंडपर्यंत सव्वातीनशे मैलांहून जास्त प्रवास, बराचसा समोरच्या वाऱ्यात. सकाळी ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी, गोळी आणि चहा-टोस्ट. दुपारचे जेवण "पोचल्यावर बघू" म्हणून टाळलेले. जानेवारीत मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, हिल कंट्रीत, माउंटन सीडर झाडाच्या परागकणांचा मोठा त्रास असतो. त्या शिंकांवर जाताना सुरू केलेली डायफेनहायड्रामीनची गुंगी आणणारी गोळी रोज रात्री चालूच होती. पोचेपर्यंत सूर्य मावळलेला. पायात जाड तळाचे चालण्याचे बूट. प्रसंगानंतर अर्ध्या तासाने मोजलेली साखर 64.

आणि वीस वर्षांचा मधुमेह. दक्षिण आशियाई लोकांत तो तुलनेने कमी वजनातही आणि लवकर होतो, आपल्याकडे घरोघरी असतो, आणि म्हणूनच आपण त्याच्या पायांवरच्या परिणामाला सरावून जातो. या गृहस्थांना पायाला "थोडी बधिरता" दोन वर्षांपासून होती. डॉक्टरांना त्यांनी ती सांगितली होती, पण गाडीशी तिचा संबंध कुणी जोडला नव्हता.

क्लास-ए पेट्रोल गाडीत इंजिन चालकाच्या उजव्या पायाशेजारी असते आणि त्याच्या झाकणामुळे पाय ठेवायची जागा अरुंद होते. सीट गोल फिरणारी असते, कारण मुक्कामी तीच दिवाणखान्यातली खुर्ची होते. ही सीट सरळ उभी करून पक्की अडकवलेली नव्हती, किंचित उजवीकडे वळलेली होती. त्यामुळे पायही ॲक्सिलरेटरच्या बाजूला झुकलेला. थकलेला, तळव्याला नीट न जाणवणारा, जाड बुटातला पाय ब्रेकच्या उजव्या कडेवर आणि ॲक्सिलरेटरवर एकदमच पडला. गाडी थांबेना, म्हणून त्यांनी आणखी जोरात दाबला. चुकीच्या पेडलच्या अपघातांत नेमके हेच होते: पाय ब्रेकवरच आहे अशी मेंदूची खात्री असते.

तपासण्या दोन टप्प्यांत झाल्या. आधी नेहमीचे डॉक्टर. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचा, म्हणजे नायलॉनच्या बारीक तंतूचा, स्पर्श उजव्या पायाच्या दोन बोटांना कळत नव्हता. अंगठ्यावर 128 हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कचे कंपन कमी जाणवत होते. पण डोळे मिटून अंगठा वर आहे की खाली हे ते दर वेळी बरोबर सांगत होते, आणि घोट्याची ताकद चांगली होती. या शेवटच्या दोन गोष्टींवरच पुढचा निर्णय उभा राहिला. सांध्याची जाणीव गेलेली असती, तर पायाने चालवायची कोणतीही गाडी त्याच दिवशी बंद करावी लागली असती. मोटारीत त्यावर हाताने चालवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवता येतात. अकरा टनांच्या आसपासच्या मोटरहोममध्ये तो मार्ग सहजासहजी उघडत नाही.

डायफेनहायड्रामीन बंद झाले. वृद्धांनी टाळायच्या औषधांच्या यादीत अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीने ॲलर्जीवरच्या या जुन्या औषधांच्या गटाला बऱ्याच वर्षांपासून ठेवले आहे, पण ते चिठ्ठीशिवाय मिळते आणि झोपेच्या साध्या गोळ्यांतही सापडते. जागी नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे आला. ग्लिमेपिराइडऐवजी साखर एकदम न उतरवणारे औषध डॉक्टरांनी दिले. (असे बदल कुणी आपल्या मनाने करू नयेत, गोळी अचानक सोडली तर साखर दुसऱ्या टोकाला जाते आणि वाढलेल्या साखरेने दृष्टीही धूसर होते.) दंडावर साखर मोजणारा सेन्सर बसला आणि त्याचा इशारा पत्नीच्या फोनवरही वाजू लागला. नियम: निघताना आणि दर दोन तासांनी आकडा पाहायचा. 100 च्या खाली असेल तर थांबून खायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे. 70 च्या खाली गेली, तर साखर पूर्ववत झाल्यावरही 45 मिनिटे स्टिअरिंगला हात नाही. हा 45 मिनिटांचा दंडक ब्रिटनच्या परवाना खात्याचा आहे, पण त्यामागचे कारण कुठेही तेच: साखर वर आली तरी मेंदूची चपळाई सावकाश परतते.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तक्त्यावरची नजर 20/30 आली, म्हणजे परवान्याला पुरेशी. पण करड्यावर करडे ओळखण्याची क्षमता कमी झाली होती आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्यात मोतीबिंदू आला की संध्याकाळी काळपट टेबल काळपट झाडीत विरघळून जाते. दोन्ही शस्त्रक्रिया महिन्याच्या अंतराने झाल्या. बसवलेल्या लेन्स एकाच अंतरासाठीच्या, कारण अनेक अंतरांच्या लेन्समुळे रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात.

दुसरा टप्पा ड्रायव्हिंग रिहॅबिलिटेशनच्या प्रमाणित तज्ज्ञाचा. हे बहुतेक ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, त्याचे पैसे सहसा देत नाही, तरी या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च हाच. दहा फूट चालत जाऊन परत येण्याची चाचणी: नऊ सेकंदांहून जास्त लागले तर काळजी करायची, यांना साडेसात लागले. आकडे आणि अक्षरे आलटून पालटून जोडायची ट्रेल-बी चाचणी: 180 सेकंदांची मर्यादा, यांना 112. मान उजवीकडे कमी वळत होती. मग दुहेरी ब्रेकच्या मोटारीत सत्तर मिनिटे रस्त्यावर. पेडलची चूक एकही नाही. सिग्नल नसलेल्या चौकात डावीकडे वळताना मात्र समोरून येणाऱ्या गाडीचा वेग त्यांनी दोनदा कमी लेखला. वयस्कर चालकांचे अपघात जिथे जास्त होतात तो हाच प्रकार.

तज्ज्ञाचा निष्कर्ष: अटींसह चालवायला हरकत नाही, सहा महिन्यांनी पायांची तपासणी, वर्षाने पुन्हा पूर्ण चाचणी.

पेडलच्या अटी साध्या होत्या. पातळ तळाचे, बंद, अरुंद बूट चालकाच्या सीटखालीच राहणार, आणि ते घातल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही. सुटी मॅट काढून टाकली. सीट सरळ अडकली की जुळणाऱ्या दोन रंगीत पट्ट्या सीटवर आणि तिच्या बैठकीवर चिकटवल्या. रोज निघण्याआधी, इंजिन बंद असताना, न बघता पाय वीस वेळा एका पेडलवरून दुसऱ्यावर, टाच ब्रेकच्या रेषेत ठेवून. आणि मुक्कामाच्या जागेत शिरताना पाय फक्त ब्रेकवर. सपाट जमिनीवर ही गाडी गिअरमध्ये असली की आपोआप सरकते, तेवढा वेग पुरतो. चढ असेल आणि ॲक्सिलरेटर द्यावाच लागणार असेल, तर आधी पूर्ण थांबून समोर कोण आहे ते पाहायचे.

वजन, टायर आणि खांदे

तपासण्यांच्या ओघात आणखी एक तक्रार पुढे आली: तास-दोन तासांत खांदे भरून येतात, गाडी सतत सरळ करत राहावी लागते. ही वयाची तक्रार समजून सोडून दिली होती. ट्रक स्टॉपवरच्या वजनाच्या कॅट काट्यावर गाडी भरलेल्या अवस्थेत, जीप सोडवून, चढवली:

पुढचा ॲक्सल 8,420 पौंड, मर्यादा 9,000.
मागचा ॲक्सल 15,860 पौंड, मर्यादा 15,500.
एकूण 24,280 पौंड, मर्यादा 24,000.

मागचा ॲक्सल 360 पौंडांनी जड आणि त्या मानाने पुढचा हलका. पुढची चाके हलकी असली की गाडी वाऱ्याने आणि बाजूने जाणाऱ्या ट्रकच्या झोताने भरकटते, आणि तिला सरळ ठेवण्याचे काम खांद्यांवर येते. कारण शोधायला वेळ लागला नाही. 70 गॅलनची पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली होती आणि ती मागच्या ॲक्सलच्या पाच फूट मागे आहे. 45 गॅलन काढले की 375 पौंड कमी होतात. पण टाकी ॲक्सलच्या मागे असल्याने तरफेचा नियम लागतो: मागच्या ॲक्सलवरचे ओझे 474 पौंडांनी उतरते आणि पुढच्यावर 99 पौंड चढतात. पुन्हा मोजले तर मागे 15,386, पुढे 8,519. दोन्ही मर्यादेत. शिवाय मागच्या पेटाऱ्यातले तांदळाचे आणि कणकेचे वीस-वीस पौंडांचे पुडे आणि दोन मोठे कुकर पुढच्या कप्प्यात हलवले. पाणी मुक्कामी नळावर मिळते, ते शेकडो मैल वाहून नेण्यात अर्थ नाही.

टायरांची नक्षी नव्यासारखी, पण कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे 4916, म्हणजे 2016 च्या 49 व्या आठवड्यातले. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात: ऊन, ओझोन आणि महिनोन्महिने एका जागी उभे राहणे. पाच ते सात वर्षांत बदलावेत, आणि पुढचे दोन आधी, कारण पुढचा टायर फुटला तर गाडी ओढली जाते. सहाही बदलले. हवा काट्यावरच्या वजनानुसार कंपनीच्या तक्त्यातून ठरवली, थंड टायरमध्ये भरली, आणि दहाही चाकांना, म्हणजे जीपच्या चारसकट, हवेचा दाब दाखवणारे सेन्सर लावले. टायर फुटला तर काय करायचे याची उजळणी तोंडी पाठ: ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग घट्ट, क्षणभर ॲक्सिलरेटर दाबून गाडी सरळ धरायची, मग पाय सोडून तिला आपोआप मंदावू द्यायचे.

अलाइनमेंट करून घेतले, आणि स्वे-बारच्या, म्हणजे गाडीचे डोलणे रोखणाऱ्या दांड्याच्या, कड्या आतल्या भोकांत बसवल्या. एफ-53 वाल्यांत हा बिनखर्चाचा उपाय प्रसिद्ध आहे. बार ताठ होतो आणि डोलणे कमी होते. खांदेदुखीचे निम्मे कारण गाडीत होते हे यानंतर कळले.

दिवसाची आखणी आणि "थांबा"

ह्यूस्टन ते अमारिलो हे सहाशे मैलांचे अंतर पूर्वी दीड दिवसात कापले जायचे. आता वेको, मग विचिटा फॉल्स, मग अमारिलो: दिवसाला साधारण दोनशे मैल, दुपारी तीनच्या आत मुक्काम, आणि एका दिवसाची विश्रांती मधे. सकाळी साडेनऊच्या आधी निघायचे नाही, शहरातली गर्दी ओसरू द्यायची. वेग 60 मैल. टेक्सासच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलमध्ये, वाऱ्याचे झोत ताशी 35 मैलांच्या वर असतील तर त्या दिवशी गाडी हलणार नाही, पुढचे आरक्षण गेले तरी.

पुढच्या गाडीपासूनचे अंतर सेकंदांत मोजायचे. व्यावसायिक चालकांचा नियम इथे तंतोतंत लागू होतो: दर दहा फूट लांबीला एक सेकंद, आणि 40 मैलांच्या वर आणखी एक. 54 फुटांना 6.4, म्हणून सात. ताशी 60 मैलांना गाडी सेकंदाला 88 फूट जाते. प्रतिक्रियेला अर्धा सेकंद जास्त लागणाऱ्याने तो 44 फूट या अंतरातच साठवून ठेवायचा असतो. उतारावर घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर, आणि ब्रेक सतत धरून न ठेवता: ठरलेल्या वेगापेक्षा पाच मैल खाली येईपर्यंत दाबायचा, सोडायचा, वेग पुन्हा चढला की परत. मार्ग उंची-वजन भरलेल्या, आरव्हीसाठीच्या (मोटरहोमसारख्या गाड्यांसाठीच्या) जीपीएसवर आखायचा, आणि सिग्नल नसलेले डावे वळण आले तर सरळ पुढे जाऊन तीन उजवी वळणे घ्यायची, पण गल्ल्या रुंद असतील तरच.

मुक्कामी गाडी मागे घेण्याआधी जीप सोडवायचीच. चारही चाकांवर ओढलेली गाडी मागे ढकलता येत नाही, तिची पुढची चाके आडवी होतात आणि टो-बार वाकतो. जीप जोडताना ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) न्यूट्रलमध्ये टाकल्यावर गिअर क्षणभर डी मध्ये घालून जीप जागची हलत नाही ना हे पाहायचे, मग ऑटोमॅटिक गिअर पार्कमध्ये. ही पडताळणी पत्नी करतात, आणि कागदी यादीवर खूण झाल्याशिवाय गाडी निघत नाही.

गाडी मागे घेताना दोघांचे फोन चालू, स्पीकरवर. "डावीकडे-उजवीकडे" बाद, कारण समोरासमोर ते उलटे होते. "तुमची बाजू" आणि "माझी बाजू" ठरले, माझी म्हणजे पत्नीच्या सीटची. पत्नी आरशात दिसेनाशा झाल्या की गाडी जागच्या जागी थांबणार. आणि थांबवायचा शब्द एकच, "थांबा". आधी "अहो" नाही, "अहो, जरा थांबता का" तर मुळीच नाही. ताशी तीन मैलांना गाडी सेकंदाला 4.4 फूट सरकते, अर्ध्या सेकंदाच्या "अहो"त दोन फूट जातात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय मोडायला दोन दुपार लागल्या.

पत्नीही शिकल्या. लांबच्या प्रवासासाठी नाही. रस्त्याच्या कडेला थांबलेली गाडी जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत नेता यावी इतपत. सीट पुढे घेणे, आरसे, पार्किंग ब्रेक कुठे आणि किती जोराने, धोक्याचे दिवे, दहा मैल सरळ रस्ता. हे जमले नाही तर पतीला बरे वाटेनासे झाले तरी "अजून थोडंच राहिलंय" म्हणून तेच चालवत राहतात, आणि असे होऊ देणे फार धोक्याचे.

थांबायचे कधी

हा कागद गाडी उत्तम चालत असतानाच लिहिला गेला, आणि तिथेच त्याची किंमत आहे. चारही जणांच्या सह्या.

पुढीलपैकी एक घडले तरी त्याच दिवशी किल्ली पत्नीकडे आणि मोटारही बंद, डॉक्टरांनी पुन्हा परवानगी देईपर्यंत: पेडलची चूक, लाल सिग्नल न दिसणे, गाडी चालवताना चक्कर किंवा साखर उतरणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकून गोंधळणे, अंगठ्याची वर-खालीची जाण जाणे. याखेरीज किरकोळ घासणे, लेन सोडणे, मागच्याने हॉर्न वाजवणे, शेजारी बसलेल्या पत्नीचा पाय नकळत जमिनीवर दाबला जाणे, हे सगळे वहीत तारखेसह लिहायचे. वही पत्नीची. सहा महिन्यांत दोन नोंदी झाल्या तर तज्ज्ञाकडे वर्षाची वाट न पाहता जायचे. वही दर महिन्याला मुलीला दाखवायची, म्हणजे आईवर एकटीने लपवण्याचे किंवा एकटीने सांगण्याचे ओझे राहत नाही. वडिलांना हे तोंडावर कोण सांगणार, हा आपल्या घरांतला खरा अडसर होता, आणि वहीने तो बराचसा दूर केला.

लहान गाडीचा पर्यायही तपासला. पंचवीस फुटी क्लास-सी, म्हणजे व्हॅनसारख्या केबिनची मोटरहोम, वळवायला सोपी, पण तिची सवय नव्याने करावी लागते, चालकाच्या सीटवर उंच चढून बसावे लागते, आणि पेडल चुकायचे ते तिथेही चुकते. अटी पाळल्या जात असतील तर हातात बसलेली गाडी ठेवणे या घटकेला बरे, असे ठरले.

वर्षभरानंतरच्या चाचणीत ट्रेल-बी 118 सेकंद, पायांची स्थिती तीच, रस्त्यावर डावी वळणे निर्दोष. वहीत दोन नोंदी, आठ महिन्यांच्या अंतराने: एकदा झाडाची फांदी छतावरच्या पंख्याला लागली, एकदा लेनच्या रेषेवर चाक गेले.

पुढचा टप्पाही कागदावर आहे. 79 व्या वर्षी, टेक्सासच्या नूतनीकरणाच्या आधी, मोटरहोम प्रवासातून निवृत्त होईल. ह्यूस्टनपासून फार दूर नसलेल्या लिव्हिंग्स्टनला एस्केपीज आरव्ही क्लबचे केअर केंद्र आहे. प्रवास थांबवलेल्या सभासदांना तिथे आपल्याच गाडीत राहता येते, जेवण-औषधपाण्याची मदत मिळते. दोघांनी ते पाहून घेतले. पत्नीला पसंत आहे, त्यांना अजून नाही. मुलीने अर्जाची माहिती मागवून वहीच्या शेवटच्या पानाला लावून ठेवली आहे.